देवापुढचं संत्रं

माझ्या वडिलांचा वाढदिवस सव्वीस जानेवारीला. "माझ्या वाढदिवसाला अख्खा देश सुट्टी घेतो, तोफासुद्धा उडवतो," असं बाबा दरवर्षी म्हणायचे आणि आई दरवर्षी म्हणायची, "तोफा राष्ट्रपतींसाठी असतात, तुम्ही आधी आंघोळीला जा." यंदा त्यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती. सव्वीस तारीख सोमवारी आली होती, म्हणजे चांगला लांब वीकेंड. मी त्यांना मकाऊला घेऊन गेले.

मकाऊ म्हणजे चीनच्या दक्षिणेला समुद्राला चिकटलेला एवढासा प्रदेश. शतकानुशतकं पोर्तुगीजांकडे होता, आता चीनकडे आहे, तरी चलन वेगळं, कायदे वेगळे. आपल्याला व्हिसा लागत नाही. आमच्या फरीदाबादच्या सोसायटीत बातमी पसरली तेव्हा शेजारच्या काकांनी डोळा बारीक करून विचारलं, "अच्छा, कसीनो?" पुण्याच्या आत्याने तर फोनवर माझी हजेरीच घेतली. "पंचाहत्तरीला शांत करतात गं, जुगाऱ्यांच्या गावाला नेत नाहीत!"

मला जुगार खेळायचा नव्हता. तरी पैज एक होतीच, आणि ती मी कुणालाच सांगितली नव्हती. बाबांनी कुणाला तरी, कसला तरी प्रश्न विचारावा, एवढंच मला हवं होतं.

हे कळायला आधीचे बाबा माहीत असायला हवेत. ते केंद्र सरकारच्या जल खात्यात होते. नद्यांचं पाणी मोजण्यात त्यांचा नोकरीतला वेळ गेला आणि उरलेला वेळ लोकांच्या चौकशा करण्यात. माझं लहानपण दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. तिथून ते भाजीला शेजारच्या मुनिरकात जायचे आणि पिशवीत भाजीपेक्षा माहिती जास्त घेऊन यायचे. तिथे भाड्याच्या खोल्यांमध्ये कुठून कुठून आलेले विद्यार्थी राहायचे. कुठले तुम्ही, घरी कोण कोण, या खोलीला भाडं किती, तुमच्याकडे भात कसा शिजवतात. मी शेजारी उभी राहून लाजेने अर्धी व्हायची. एकदा बाबा मणिपूरच्या एका मुलीकडून आंबवलेल्या बांबूच्या कोंबांची कृती विचारून आले, सोबत डबाभर कोंबही. आईने तो डबा दोन बोटांत धरून थेट बाल्कनीत नेऊन ठेवला.

पण ऐकायची ती सगळं. बाबा दारात चप्पल काढता काढताच स्वयंपाकघराकडे हाक टाकायचे, "अगं, ऐक की, आज काय गंमत झाली माहितीये?" आणि आई पोळी उलटता उलटता, मागे वळूनही न बघता म्हणायची, "काय झालं?" आमच्या घरात देवापुढच्या दिव्याइतकाच हा नेम रोजचा होता.

दीड वर्षापूर्वी आई गेली. बाबा माझ्याकडे फरीदाबादला राहायला आले. ते रडले फारसे नाहीत, आजारी पडले नाहीत, जेवण नीट घेतात, औषधं वेळेवर घेतात. सगळे म्हणाले, बाबांनी छान सावरलं. मला मात्र भीती वाटायला लागली, कारण त्यांनी विचारणं बंद केलं. लिफ्टमध्ये नवा माणूस भेटला तरी ते बटणांकडे बघत उभे राहायचे. दिवाळीनंतर मी त्यांना मुद्दाम कस्तुरबा गांधी मार्गावर आपल्या राज्याच्या अतिथीगृहात जेवायला नेलं. वाढणारा मुलगा अलिबागचा निघाला, म्हणजे बाबांच्या गावचाच! त्यानेच आपणहून सांगितलं. बाबा "हं" म्हणाले आणि आमटी भुरकत राहिले. पूर्वी त्यांनी त्याच्या पणज्यापर्यंत वंशावळ काढली असती. या माणसाला आता जगात काही जाणून घ्यायचंच उरलेलं नाही, असं मला वाटलं, आणि तसं वाटणं मला सहन होईना.

म्हणून हे मकाऊ. जिथलं काहीच ओळखीचं नाही अशा ठिकाणी नेलं तर काहीतरी विचारतीलच, असा माझा हिशेब.

हाँगकाँगच्या विमानतळावरून बस समुद्रावरच्या पुलावरून जाते. मध्येच तो पूल चक्क पाण्याखाली बोगद्यात शिरतो आणि पुढे पुन्हा वर येतो. जन्मभर पाण्यात काम केलेल्या माणसासाठी याहून मोठी मेजवानी कोणती?

"बाबा, आपण समुद्राच्या खाली आहोत यार!" मी म्हणाले.

"हं," बाबा म्हणाले. "छान केलंय."

दुसऱ्या दिवशी आम्ही शहर पाहिलं. काळ्या-पांढऱ्या दगडांच्या लाटा काढलेला चौक, निळ्या फरशांवर चिनी आणि पोर्तुगीज अशा दोन लिपींतली रस्त्यांची नावं, नुसती पुढची भिंत उरलेलं प्रचंड चर्च. मी हावरटासारखी सगळं बघत होते आणि दर थोड्या वेळाने बाबांना डिवचत होते. "मागचं चर्च कुठे गेलं असेल हो?" बाबा म्हणाले, "पडलं असेल." संध्याकाळी अंड्याचे गरम टार्ट खाल्ले. बाबांनी दोन खाल्ले आणि तिसरा रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. कुणासाठी ते मी विचारलं नाही. ती त्यांची जुनीच सवय होती.

सोमवारी सकाळी हॉटेलच्या खोलीत औक्षण केलं. कुंकू, अक्षता, सुपारी, अंगठी सगळं मी दिल्लीहून नेलं होतं, पण छतावर धुराची घंटा टपून बसलेली, म्हणून निरांजन न पेटवताच ओवाळलं. बाबांनी आज्ञाधारकपणे मान पुढे केली. मग आम्ही बसने कोलोआनला गेलो. ते प्रदेशाच्या दक्षिणेकडचं कोळ्यांचं जुनं गाव. बसमधून उतरलो आणि नाकात सुक्या मासळीचा वास शिरला. बाबा थांबले. आई अलिबागहून सोडे आणि सुकट ट्रंकेत घालून आणायची आणि क्वार्टरमधले शेजारी आठवडाभर खिडक्या लावून बसायचे. बाबा वासाच्या मागे चालायला लागले.

सुक्या मासळीच्या दुकानांची एक रांगच होती. एका दुकानाच्या उंबऱ्यालगत, अगदी जमिनीवर, लाल रंगवलेला छोटासा देव्हारा होता. त्यावर सोनेरी अक्षरं, पुढे डब्यात खोचलेल्या पेटत्या उदबत्त्या आणि बशीत संत्री. आपल्याकडे देव चपलांपासून जितका लांब तितका बरा, इथे तो केरसुणीच्या शेजारी बसला होता. बाबांनी बूट काढले, वाकून हात जोडले आणि मग जे आपण कुठल्याही देवळात करतो तेच केलं. बशीतलं एक संत्रं उचललं, कपाळाला लावलं आणि प्रसाद म्हणून सोलायला सुरुवात केली.

आतून एक बाई ओरडत बाहेर आली. वयाने बाबांच्या आसपासची, अंगात फुलाफुलांचा एप्रन, हातात कात्री. मला एक शब्द कळत नव्हता, तरी सगळं कळलं. पंचाहत्तराव्या वाढदिवसाला माझ्या बापाने परदेशात देवाचं फळ चोरलं होतं! मी घाईघाईने फोन काढला, भाषांतराचं अ‍ॅप उघडलं आणि त्यात माफी मागायला लागले. बाबा एक पाय घाईने बुटात सरकवून, दुसरा नुसत्या मोज्यात, हातात अर्धं सोललेलं संत्रं घेऊन उभे. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बाळ, माफी नंतर माग. आधी त्यांना विचार, यांचा देव जेवायला किती वेळ घेतो? आपण नैवेद्य दाखवला की लगेच उचलतो. इथे कधी उचलायचा?"

मला वाटलं, आता मीच रडणार. मी ते वाक्य फोनमध्ये बोलले. फोनने ते चिनीत म्हटलं. बाईने कात्री खाली केली, बाबांच्या मोज्याकडे पाहिलं, मग संत्र्याकडे. उदबत्त्या विझेपर्यंत थांबायचं, असं उत्तर आलं. मग घरच्यांनी खायचं. फुकट घालवायचं नाही.

"अच्छा! म्हणजे तसं सारखंच," बाबा म्हणाले. "आणि देव खाली का बसवलाय विचार."

बाईला हा प्रश्न भलताच खुळचट वाटला असावा. तो जमिनीचा देव आहे, मग जमिनीवर बसेल नाहीतर काय माळ्यावर?

मग धरणाचे दरवाजेच उघडले. मासळी किती दिवस वाळवता, पावसाळ्यात बुरशी धरत नाही का, मीठ आधी लावता की नंतर, समोरच्या पाण्याला भरती केवढी येते. मी फोन इकडून तिकडे, तिकडून इकडे करत होते. बाईने ताजं संत्रं बशीत ठेवलं, नव्या उदबत्त्या लावल्या, दोन स्टुलं बाहेर आणली आणि बाबांच्या हातातलं अर्धं सोललेलं संत्रं आपल्या मांडीवर घेऊन आमच्यासमोर बसली. उदबत्त्या विझेपर्यंत ते मिळणार नव्हतं.

आणि मग तिने विचारायला सुरुवात केली. बाईसुद्धा काही कमी नव्हती. वय काय? पेन्शन मिळते का? मुलगी एकच? तिचे केस असे पोरासारखे का? बाबा खदखदून हसले. मग तिने विचारलं, बायको कुठे आहे?

मी फोन बंद करणार होते. बाबा म्हणाले, "सांग, वारली." तिने मान हलवली आणि सरळ विचारलं, कशाने?

गेल्या दीड वर्षात हे त्यांना कुणीच विचारलं नव्हतं. आम्ही सगळे त्यांना जपत होतो ना. त्यांच्यासमोर आईचा विषय काढायचा नाही, हे सोसायटीपासून पुण्यापर्यंत ठरून गेलं होतं. त्यांनी विचारणं बंद केलं म्हणून मी घाबरले होते, आणि त्यांना विचारणं तर आम्हीच आधी बंद केलं होतं.

बाबांनी सांगितलं. हॉस्पिटल, शेवटचा आठवडा, तिने मागितलेली आणि डॉक्टरांनी न दिलेली कॉफी. यातलं बरंचसं मलाही माहीत नव्हतं. मी एक-एक वाक्य फोनमध्ये बोलत गेले. बाई ऐकत होती. उदबत्त्या विझल्या तेव्हा तिने दोन्ही हातांनी ते संत्रं बाबांना दिलं. त्यांनी पुन्हा ते कपाळाला लावलं.

समोरच पाण्याकाठी बाक होता. पलीकडचा किनारा मुख्य चीनचा, अगदी हाकेच्या अंतरावर. बाबांनी शांतपणे संत्र्याची उरलेली साल काढली, अर्ध्या फोडी माझ्या हातावर ठेवल्या आणि पाण्याकडे बघत म्हणाले, "अगं, ऐक की, आज काय गंमत झाली माहितीये?"

मी सगळा वेळ तिथेच होते. एकेक शब्द माझ्याच तोंडून गेला होता.

"काय झालं?" मी विचारलं.