बिनसाडीगार्डची गाडी

पुण्याहून सकाळी सहाला निघालो आणि शिरूर येईपर्यंत तिघांनी माझ्या गाडीचा फोटो काढला. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू? मोटारसायकल मूळची बाबांची. ते गेल्यावर मी तिचं रूपच पालटून टाकलं. रुंद हँडल, जाड टायर, छाती हादरवणारा सायलेन्सर. साडीगार्ड काढून टाकला आणि मागची चासी (गाडीचा सांगाडा) कापून एकट्यापुरती सीट बसवली.

आई आठ दिवसांपासून छत्रपती संभाजीनगरला काकांकडे होती. बाबांची गाडी घेऊन ये, करमाडला जाऊन येऊ, असं तिनं फोनवर सांगितलं होतं. करमाडच्या शाळेत बाबा गुरुजी होते आणि आई तिथंच अंगणवाडीत. अठरा वर्षं दोघं संभाजीनगरहून याच गाडीवरून गेले-आले. गाडी गॅरेजातच असायची, त्यामुळे आईनं तिचं नवं रूप पाहिलं नव्हतं. आता तिला बसवायचं कुठं, म्हणून मी मागच्या मडगार्डला चिकटवायची एक गादी विकत घेतली होती.

नेवासा फाट्यावर चहाला थांबलो तेव्हा पाठीचा पार भुगा झाला होता. वाळूजचे सिग्नल पार करत अकराच्या सुमारास उस्मानपुऱ्यात शिरलो. काकांच्या दारात मिलिंदची, म्हणजे माझ्या चुलतभावाची, गाडी उभी होती. बाबांनी आणि काकांनी एकाच दिवशी घेतलेल्या दोन सारख्या गाड्या. त्यातली ही जशीच्या तशी! तोच काळा रंग, टाकीची तीच सोनेरी रेघ, साडीगार्डसुद्धा जागेवर. बघून माझ्या पोटात दुखलं. फोटो काढावासा वाटला तो मलाच, आणि तोही त्याच्या गाडीचा.

आई बाहेर आली. माझ्या गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि शांतपणे म्हणाली, "मी कुठं बसू?"

मी गादी दाखवली. तिनं बोटानं दाबली, तर ती निघून हातातच आली. मिलिंद हसला असता तर परवडलं असतं. तो मुकाट्यानं स्वतःची गाडी पुसायला लागला.

अखेर आई त्याच्याच मागं एका बाजूनं बसली, पदर खोचला आणि त्याच्या खांद्यावर दोनदा थापटलं. नीट बसले, आता निघा, ही तिची बाबांना सांगायची खूण होती. तिनं ती मिलिंदला केली. मी मागून एकटाच, धडधड आवाज करत. चिकलठाण्यापर्यंत तिचा पदर बघत गेलो आणि खरं सांगतो, सख्ख्या भावासारख्या माणसाचा टायर पंक्चर व्हावा असं मनात आलं.

पंक्चर झाला नाही. शेंद्र्याच्या गतिरोधकावर माझाच सायलेन्सर निखळला. तारेनं बांधून कसंबसं करमाड गाठलं. आई शाळेकडे गेली, आम्ही म्हाताऱ्या मेकॅनिकचाचांकडे. बाबांच्या काळापासून दोन्ही गाड्यांचं काम त्यांच्याकडेच होतं. त्यांनी सायलेन्सर बसवला आणि मिलिंदच्या सीटच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "ही तर गुरुजींची सीट हाय. हा टाका मीच घातलता."

मिलिंद ओशाळला. मी पुण्यात गाडी सोलत होतो तेव्हा भंगारात चाललेली सीट आणि साडीगार्ड तो मागून घेऊन आला होता. नंतर त्याची स्वतःची सीट फाटली, म्हणून ही लावली. म्हणजे आई सकाळपासून बाबांच्याच सीटवर होती, फक्त गाडी माझी नव्हती.

"घिऊन जा दादा, तुझीच हाय," तो म्हणाला.

"बसवायची कशावर?" चाचांनी विचारलं. "हँडल, टायर बदलता येतंय. तुम्ही तर चासीच कापली."

मी कापलेल्या चासीवरून बोट फिरवलं.

घरी काकूनं येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी) आणि भाकरी केली होती. लई चव होती, पण माझं लक्ष दारातल्या गाड्यांकडे. संध्याकाळी मिलिंदनं सीट काढून दिली, बाबांचा जुना साडीगार्डही दिला. त्याची गाडी बिनसीटची झाली म्हणून मला मनातून क्षणभर बरंच वाटलं. तेवढ्यात त्यानं माळ्यावरून स्वतःची जुनी सीट काढली. नवं कव्हर चढवून ठेवली होती पठ्ठ्यानं! मुक्काम करून सकाळी सीट पाठीला बांधून निघालो. वाटेत एकानंही फोटो काढला नाही.

पुण्यातला वेल्डर म्हणाला, चासी जोडता येईल, पण जोड दिसेल. दिसू दे म्हटलं. आई अजून तिकडंच होती. मिलिंद तिला गुलमंडीच्या बाजारात नेतो-आणतो, हे ती रोज कौतुकानं सांगायची आणि मी रोज जळायचो. गाडी पूर्ववत करायला मला तीन आठवडे लागले. गाडीला काहीही न करणं हेही एक काम असतं, ते मिलिंद वर्षानुवर्षं करत आला आणि मला कळलं नाही.

काल सीट, साडीगार्ड लावून आईला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन आला.

"शनिवारच्या एसटीनं येते. स्टँडवर घ्यायला ये," ती म्हणाली. "रिक्षा नको करू."