गौरीच्या कोपराजवळचा डाग
"डोळे मीट गौरी. कापूस लागला की 'लागला' म्हणायचं," पुसदच्या दवाखान्यात डॉक्टरबाई माझ्या तिसरीतल्या लेकीला म्हणाल्या. गालाला, पाठीला कापूस टेकला की पोरगी लगेच बोलायची. मग त्यांनी तो कोपराजवळच्या फिकट डागावरून परत परत फिरवला. गौरी 'लागला' म्हणेचना. थोड्या वेळानं म्हणते, "आता कधी लावता मॅडम?"



आमच्या फुलसावंगीत लेकराच्या अंगावर फिकट डाग दिसला की जंताचा म्हणतात आणि वावडिंग पाजतात. आम्हीही पाजत राहिलो. डाग खाजत नाही, दुखत नाही, म्हणून सगळे निवांत. अन् नेमकं तेच वाईट होतं, बाई!

डॉक्टरबाईंनी समजावलं. जंताचा म्हणतात तो डाग भुरकट, कोरडा, पण हात लावलेला कळतो. गजकर्ण गोल, कडेला लाल, खाजरं. कोड दुधासारखं पांढरं. हिच्या डागावर मात्र लव नाही, घाम नाही, स्पर्श कळत नाही. "लेप्रसी आहे, म्हणजे कुष्ठरोग. एमडीटी म्हणजे दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्या, त्यांनी बरा होतो. गोळ्या सुरू झाल्या की हिच्यापासून कोणाला धोका नाही. पण कोपराची नस सुजली आहे. ती करंगळीपर्यंत जाते, करंगळी वाकडी होईल का ते आत्ताच सांगता येत नाही."

जाऊबाईंना हे सगळं सांगितलं. "समजते वं मले, पण लेकराबाळाचं घर हाये," म्हणत त्यांनी गौरीचं ताट वेगळं काढलं. असा राग आला! मी त्याच ताटात तिच्यासोबत जेवायला बसले.

गौरीला काळजी एकच, कोजागिरीपर्यंत घरोघरी चालणाऱ्या पोरींच्या गाण्यांच्या खेळाची. "आई, पोरी मले भुलाबाईत घेतील ना वं?"

गोळ्या संपल्या. रोग गेला, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. करंगळी वाकडीच राहिली.

बायांनो, लेकराला डाग दिसला तर डोळे मिटायला लावून कापूस फिरवून पाहा. कळला नाही तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि अशी पोरगी शेजारी असली तर तिच्या घरी आपल्या पोरी पाठवा.

कोजागिरीला मी आमच्या अंगणात भुलाबाई मांडली. पोरी येतील, टिपऱ्या वाजवत गाणी म्हणतील, 'गोड का तिखट' विचारत झाकलेला खाऊ ओळखतील, म्हणून डबाभर करंज्या केल्या. कोणीच आलं नाही. गौरी एकटीच गायली. हातातून टिपरी निसटायची, ती उचलून पुन्हा गायची. शेवटी डब्याकडे पाहून तिनं विचारलं, "आई, गोड का तिखट?"

करंज्या तिनंच माझ्याजवळ बसून भरल्या होत्या. मी म्हटलं, "ओळख."