भावोजींचे मोजलेले निरोप

आमच्या भावोजींना पहिल्यांदा भेटून हबकला नाही असा एकही माणूस मी पाहिलेला नाही. दुसऱ्यांदा भेटणारा तर जास्तच हबकतो, कारण पहिल्या वेळी त्यांची तब्येत बरी नसावी अशी त्याने आपली समजूत करून घेतलेली असते. भावोजी काही बोलायच्या आधी, आपण किती बोलणार ते सांगतात. एकदा मी शाळेत शिकवत असताना त्यांचा फोन आला. "पंधरा शब्द आहेत," ते म्हणाले. "ताईला ताप आहे, घाबरण्यासारखं नाही, पण येताना नागावच्या नाक्यावरून मोसंबी आणि तिच्या गोळ्या घेऊन ये." मी मध्येच "अरे बापरे" म्हणालो, तर त्यांनी पुन्हा ताईच्या तापापासून सुरुवात केली. ताईचं नागावला होमस्टे आहे. तिथे उतरलेल्या पाहुण्यांनी जेवायला काय आहे विचारलं, की हे शांतपणे "सात पदार्थ" म्हणतात आणि सातवा आठवेपर्यंत पाहुण्यांना सोडत नाहीत. भाचीच्या सोयरिकीच्या बैठकीत मुलाचे वडील घराण्याची थोरवी सांगता सांगता पाणी प्यायला थांबले, तेव्हा भावोजींनी अतिशय आदराने विचारलं, "संपलं, की अजून आहे? असल्यास किती?" ताईचा चेहरा पांढराफटक पडला. मुलाची आई मात्र म्हणाली, "आमच्या ह्यांना तीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं," आणि लग्न तिथेच ठरलं.

हे त्यांचं पहिल्यापासूनचं नव्हे. नवी मुंबईतली कॉम्प्युटरची नोकरी सोडून ते नागावला आले तेव्हा चारचौघांसारखेच बोलत. जवळच्याच बंदरावरच्या मच्छीमारांनी त्यांना गळ घातली, की बोटीवरून किनाऱ्यावर लिहून निरोप पाठवता येईल असं काहीतरी करून द्या. बोटींवर निरोप लिहून पाठवायचा एकेक बिनतारी डबा बसला, बंदरावरच्या खोलीत कॉम्प्युटर आला. भावोजी मला समजावत, "अरे, निरोप सुटे सुटे येत नाहीत. सलग धार येते. एक कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हे धारेला ठाऊक नसतं. कुणाचा निरोप दोन शब्दांचा, कुणाचा पानभर. म्हणून प्रत्येक निरोपाच्या आधी त्याची लांबी पाठवायची, आणि इकडे तेवढंच मोजून घ्यायचं." महिनाभर इंग्रजीत चाचण्या झाल्या. एक अक्षर इकडचं तिकडे झालं नाही.

ज्या दिवशी मराठीत सुरुवात झाली, त्या सकाळी मी तिथेच होतो. बंदरावरच्याच एका बोटीवर जाणाऱ्या हसनचाचांची बायको, आमच्या चाची, नवऱ्याची गोळ्यांची पुडी घेऊन खोलीत आल्या. चाचा ती घरीच विसरून बोटीवर गेले होते. "इचारा जरा, बरं हाय ना त्यांचं?" भावोजींनी विचारलं. थोड्या वेळाने ती बोट हाकणाऱ्या तांडेलाचं उत्तर पडद्यावर उमटलं, आणि भावोजींनी ते भोळेपणाने मोठ्यांदा वाचलं.

"हसनचाचा गेले."

चाची उभ्या होत्या तिथेच खाली बसल्या. "या अल्ला," एवढंच म्हणाल्या. भावोजींनी 'कसे?' म्हणून विचारलं, तर पडद्यावर नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं येऊ लागली. बोटी फोनच्या टप्प्याच्या बाहेर होत्या. बातमी कळायला एक बोट सोडली. तोवर अर्धा गाव बंदरावर जमला होता. बायकांनी चाचींना धरून ठेवलं होतं. भावोजी कॉम्प्युटरसमोर दगडासारखे बसले होते.

दुपारी बोट परत आली. तिच्यातून हसनचाचा स्वतःच्या पायांनी उतरले, गर्दी पाहून डोक्यावरची टोपी सारखी केली आणि हळूच विचारलं, "कोन गेला?"

चाची उठल्या, गोळ्यांची पुडी त्यांच्या छातीवर फेकून मारली आणि मग तिथेच हमसून रडल्या. तांडेलाने लिहिलं होतं, 'हसनचाचा गेले दुसऱ्या बोटीवर चहाला.' भावोजींनी लांबी म्हणून मराठीतली चिन्हं मोजली होती, काना-मात्रा, मोकळ्या जागा, पूर्णविराम सगळं धरून. कॉम्प्युटर मोजतो बाइट. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, मराठीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. चौतीस चिन्हांच्या त्या निरोपातले पहिले चौतीस बाइट घेऊन कॉम्प्युटर थांबला होता. म्हणजे निरोपाचा साधारण तिसरा हिस्सा, 'हसनचाचा गेले' एवढाच. उरलेल्या दोन हिश्शांना तो पुढचे निरोप समजत बसला, म्हणून ते चौकोन.

चूक दहा मिनिटांत दुरुस्त झाली. भावोजी मात्र दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी चाचींच्या दारात जाऊन हात जोडले आणि म्हणाले, "दोन वाक्यं बोलणार आहे. चूक माझी होती. तुम्ही शिक्षा द्याल ती घेईन." असं मोजून बोलणं मी त्यांच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. चाचींनी त्यांचे जोडलेले हात खाली घेतले. मग म्हणाल्या, "भाऊ, त्या चार घंट्यांत मला कळला तो मानूस माझा काय हाय. बसा, तांदलाची भाकर खाऊन जावा."

पुढे कितीतरी वर्षं त्या खोलीत निरोप येत राहिले. कुणाच्या जाळ्याला पापलेट लागलं, कुणाचं इंजिन रुसलं, कुणाला मुलगी झाल्याचं समुद्रावर कळलं. एकही अर्धा आला नाही. गेल्या साली बोटींवर तयार यंत्रं आली आणि भावोजींच्या कामाची गरज उरली नाही. शेवटच्या दिवशी मी त्यांना आणायला गेलो, तेव्हा एकेक बोट आपला डबा बंद करत होती. सगळ्यात शेवटी हसनचाचांच्या बोटीवरून पडद्यावर एक लांबलचक निरोप उमटला. भावोजींनी तो वाचला, पुन्हा वाचला, आणि चष्मा काढून ठेवला.

"काय आलंय?" मी विचारलं.

इतकी वर्षं दुसऱ्यांचे निरोप मोठ्यांदा वाचून दाखवणाऱ्या त्या माणसाने कॉम्प्युटर बंद केला.

"हा मला आलाय," ते म्हणाले, आणि खोलीचं दार ओढून घेतलं.