एकादशीचा समुद्र

माझ्या वडिलांना माणसांचा तिटकारा नाही, पण ती एका वेळी दोनापेक्षा जास्त दिसली की त्यांना त्रास होतो. इतकी वर्षं शनिवार पेठेत दोन खोल्यांत राहून त्यांनी हा स्वभाव कसा टिकवला, ते त्यांनाच ठाऊक. त्यामुळे आमच्या सहली निघायच्या त्या कोकणातल्या अशा गावांना, की ज्यांची नावं ऐकून शेजारी विचारायचे, "तिथे काय आहे?" "काहीही नाही," वडील समाधानाने सांगायचे. "म्हणून तर चाललोय."

स्वारगेटहून पहाटेची एसटी, मग घाट, मग कुठल्या तरी खाडीपाशी उतरून होडीने पलीकडे. अशी किनाऱ्यावरची बरीच गावं आम्ही पालथी घातली. प्रत्येक गावात एक देऊळ, एक पोस्ट, एक किराणा दुकान आणि धक्क्यावर वाळत घातलेल्या मासळीचा वास. आई पदर नाकाला लावायची, पण तक्रार म्हणून कधी केली नाही. पुढे त्यातलं एकच गाव मनात बसलं आणि आम्ही दर वर्षी तिथेच जाऊ लागलो. त्याचं नाव सांगत नाही. वडील अजून आहेत आणि ते चिडतील.

गाव खाडीच्या तोंडाशी होतं. नारळी-पोफळीच्या वाडीत एका बाईंचं घर, तिथे राहायची-जेवायची सोय. बाई सकाळी विचारायच्या, "किती पानं?" आणि तेवढाच स्वयंपाक करायच्या. वडिलांना हा हिशेबीपणा फार आवडायचा. पुण्याबाहेर इतकी शहाणी बाई असेल असं त्यांना वाटलं नव्हतं, आणि तसं त्यांनी त्यांना बोलूनही दाखवलं होतं.

गर्दी टाळायची वडिलांची एक युक्ती होती. आमची सहल एकादशीला असायची. कोकणात जाणारी बहुतेक मंडळी मासे खायला जातात, ती एकादशीला कशाला येतील? आमच्या घरी सगळ्यांचाच उपास, त्यामुळे आमचं काही अडत नव्हतं. बाई ओलं खोबरं घालून साबुदाण्याची खिचडी करायच्या, रताळ्याच्या फोडी तुपावर परतायच्या. आणि खरोखरच, तो अख्खा किनारा आमचा असायचा. वडील हात मागे बांधून मालकासारखे फिरायचे. "एकादशीला समुद्रावर फक्त शहाणी माणसं येतात," म्हणायचे. तिथे आमच्याशिवाय कुणीच नसायचं. कधी नव्हे ते खूश असलेले वडील मला त्या किनाऱ्यावर दिसले. आजही त्यांची आठवण काढायची म्हटली की मला ते पेठेतले दिसत नाहीत, तिथलेच दिसतात.

आईला मात्र तिथली एक वेगळीच गोष्ट हवी होती. खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे, किनाऱ्यापासून बरंच आत, पाण्याखाली वाळूचा एक लांबलचक पट्टा होता. गावातले लोक त्याला दांडा म्हणत. तो कधी कधी उघडा पडतो, बेटासारखा, आणि त्यावर चालता येतं, असं बाईंनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. आम्हाला दिसायची ती फक्त फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ. आई धक्क्यावर बसून त्या रेघेकडे बघत राहायची. एकदा मला म्हणाली, "लग्न होऊन आले तेव्हापासून जिकडे वळावं तिकडे भिंत. एकदा तिथे जाऊन उभं राहायचंय. चहूकडे काही म्हणजे काही नको." हे तिने वडिलांनाही सांगितलं होतं. त्यांनी होडीवाल्याला विचारून एकदा तिथवर नेलंसुद्धा. होडीवाल्याने वल्हं खाली घालून दाखवलं, वाळू होती, पण वर कमरेइतकं पाणी. आई होडीतून वाकून बघत बसली. परतताना वडील म्हणाले, "दांडा आहे. फक्त समुद्राने तो वापरायला काढला आहे."

त्यानंतर दर वर्षी हेच. निघताना बाई म्हणायच्या, "पुढच्या खेपेला पौर्णिमेला या हो, दांडा दिसेल." वडील हो हो म्हणायचे आणि एसटीत बसल्यावर आपली तर्कशुद्ध बाजू मांडायचे. पौर्णिमेला उधाण असतं. उधाण म्हणजे पाणी चढणार. चढल्यावर वाळू दिसेल की बुडेल? "त्या दिवसांत गिऱ्हाईक जास्त असतं, म्हणून बोलावतात," असा निकाल ते द्यायचे. आम्हालाही ते पटायचं. आमचं पाण्याचं सगळं ज्ञान मुठेचं. धरणातून सोडलं की चढतं आणि नदीपात्रातला रस्ता बंद होतो, सोडायचं थांबवलं की उतरतं. ज्या दिवशी पाणी सगळ्यात वर येतं त्याच दिवशी ते सगळ्यात खालीही जातं, हे मुठेने आम्हाला कधी शिकवलं नाही.

मग सहली थांबल्या. माझं लग्न झालं, मी वारज्याला राहायला गेले. आईवडिलांनी बिबवेवाडीत फ्लॅट घेतला, लिफ्ट असलेला, कारण आईच्या गुडघ्यांनी मान टाकली होती. समुद्राचा विषय निघाला की ती हसून म्हणायची, "जाऊ कधीतरी."

गेल्या वर्षी माझ्या मुलीने मोबाइल माझ्यापुढे धरला. "आई, हे तुमचं ते सायलेंट गाव ना? फुल व्हायरल आहे." फोटोत समुद्राच्या ऐन मधोमध पांढरी स्वच्छ वाळू होती, आणि तिच्यावर उभी राहून माणसं भेळ खात होती. मी त्या घरी फोन लावला. बाई आता नाहीत, त्यांची सून बोलली. "अमावास्या-पौर्णिमेला उघडा पडतो की," ती म्हणाली. "एकादशीला नाही दिसायचा. तेव्हा भांगाचं पाणी, धड चढतही नाही, धड उतरतही नाही."

हे मी बिबवेवाडीला जाऊन सांगितलं. आई भाजी निवडत राहिली. वडिलांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, चष्मा लावला आणि ते उगाचच महिने उलटत बसले. आमच्या घरात तिथी रोज बघितली जायची. उपास कधी, चतुर्थी कधी, सगळं तोंडपाठ. पण तिथी समुद्रालाही लागू असते, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. "लिहायला हवं होतं यांनी खाली," वडील कॅलेंडरला म्हणाले. त्या संध्याकाळी ते नीट जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. "माघ पौर्णिमा शनिवारी येतेय. गर्दी असेल."

"मग?"

"असू दे."

हे शब्द मी त्यांच्या तोंडून जन्मात ऐकले नव्हते. आईच्या गुडघ्यांचं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. शस्त्रक्रिया तिच्या हृदयाला झेपणारी नव्हती, आणि चालणं दिवसेंदिवस कमीच होणार होतं. दांड्यावर जायचं तर ते याच खेपेला, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

आम्ही गाडीने गेलो. धक्क्यावर खरोखरच जत्रा भरली होती. लाइफ जॅकेटं, सेल्फ्या, कुणाच्या तरी स्पीकरवर ठणठणाट. वडील ओठ आवळून, आईचा दंड धरून चालत होते. आणि समोर, जिथे इतकी वर्षं नुसती रेघ बघितली होती, तिथे दांडा होता. लांबच लांब, उघडा, उन्हात पिवळाधमक.

पण पाणी खाली गेलं होतं ते धक्क्यापाशीही गेलं होतं. एकादशीला होडी पायरीला लागून असायची, पाऊल टाकलं की आत. आज ती कुठल्या कुठे खोल होती, आणि मधल्या साऱ्या पायऱ्या शेवाळाने हिरव्यागार. आई माझा आणि वडिलांचा हात धरून दोन-तीन पायऱ्या उतरली. मग तिचा गुडघा मुडपला. ती तिथेच बसली. होडीवाला म्हणाला, उचलून नेऊ या. आईने नको म्हणून मान हलवली. मला संतापाने रडू यायला लागलं, कुणावर ते कळत नव्हतं.

"तुम्ही जा," ती वडिलांना म्हणाली.

"मी काय करू तिथे?"

"उभे राहा. मला इथून दिसाल."

ते गेले. माणसांनी खच्चून भरलेल्या होडीत, कुणाच्या तरी खांद्याचा आधार घेऊन. आम्ही दोघी धक्क्यावर वर येऊन बसलो. होडी दांड्याला लागली, सगळे फोटो काढायला एका टोकाला पळाले आणि एक पांढरा सदरा दुसऱ्या टोकाकडे एकटाच चालत गेला. पार टोकाला जाऊन थांबला. मग आरतीनंतर माणूस स्वतःभोवती फिरतो तसा सावकाश फिरला. समुद्राकडे, डोंगराकडे, खाडीकडे, आमच्याकडे. सूर्य बुडायला आला होता. होडीवाल्याने हाका मारल्या तरी सदरा हलेना. आई डोळ्यांवर हात धरून बघत होती, आणि मी तिच्याकडे बघत होते.

परत आले तेव्हा त्यांचे पाय पोटऱ्यांपर्यंत ओले होते. ते आईशेजारी बसले.

"कसं आहे?" तिने विचारलं.

"काही विशेष नाही. वाळू आहे. ओली वाळू."

"मग इतका वेळ काय करत होतात?"

वडिलांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पण परत लावला नाही. गर्दी आमच्या अंगावरून जात होती, धक्के देत होती, आणि ते सगळ्यांदेखत रडत होते.

"कुठेच भिंत नाही गं," ते म्हणाले. "तुला आणायला हवं होतं."

आईने त्यांचा ओला पाय आपल्या पदराने पुसायला घेतला.

"आणलंत की," ती म्हणाली. "दर वर्षी आणलंत."