दोन बाणांचा खंजीर

खंजिराकडे बघण्याआधी भाऊसाहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुझे वडील काय करतात?"

अमरावतीच्या त्यांच्या दिवाणखान्यात मी पहिल्यांदाच बसलो होतो, पण हा प्रश्न मला परीक्षेतल्या पहिल्या प्रश्नासारखा पाठ होता. वडील बडनेऱ्याच्या इंजिन शेडात कोळसा टाकत. आई सरकी काढायच्या जिनात कपाशी निवडून त्यातली कवडी, म्हणजे किडका कापूस, काढायची. घरी येई तेव्हा भुवयासुद्धा पांढऱ्या. आमच्याकडे दिव्यात तेल असलं तर कालवणात नसायचं. मी नागपुराहून बी.एस्सी. होऊन आलो, तोवर घराण्यात सगळ्यांचे अंगठेच चालत.

"कोळसा टाकतात," मी म्हणालो. "खंजीर दाखवा."

भाऊसाहेब वकील. धाकटे भाऊ नामदेवराव मोर्शीकडे शेती करत. वाटणी चालली होती. जमिनीचे वाटे ठरले, अडलं ते खंजिरावर. खांडेनवमीला हा घराण्याचा खंजीर पुजायचा, आणि ज्याच्या घरी खंजीर त्याच्या घरी पूजा. नामदेवरावांना तो हवा होता. भाऊसाहेब म्हणाले, घे. पण ऐतिहासिक वस्तू आहे, तेवढ्या किमतीची तुझ्या वाट्याची संत्र्याची बाग विहिरीसकट मला दे. किंमत ठरवायला दोघांच्या संमतीनं आमच्या अकोल्याच्या दुकानाला बोलावलं.

दुकान बंदुकांचं. मालक हसनभाई. हौशी साहेब लोक जुन्या तलवारी, खंजीर घ्यायला यायचे, त्यामुळे जुन्या हत्यारांची पारख हा आमचा जोडधंदा. ते काम माझ्याकडे. गिऱ्हाइकांच्या बंदुकांच्या लायसन्सची कामं मात्र भाऊसाहेबांकडे जायची. म्हणून हसनभाई जातीनं सोबत आले होते आणि गाडीत बसल्यापासून मला समजावत होते. "बीएस्सी, जास्त शहाणपणा नको करू."

भाऊसाहेबांनी मखमलीवरून खंजीर उचलला. "आमच्या खापरपणजोबांना निजामाच्या दरबारातून मिळाला. इंग्रजांचं पाऊलसुद्धा वऱ्हाडात पडलं नव्हतं तेव्हा."

खंजीर नव्या चमच्यासारखा चमकत होता.

"कोणी घासला हा?"

"मीच घासून घेतला. चिंच आणि विटेची भुकटी. कसा चकाचक झालाय!"

इथे जरा समजावून सांगतो. जुन्या हत्याराच्या पोलादावर वर्षानुवर्षांत एक काळसर थर बसतो. त्याला पॅटिना म्हणतात. गंज वेगळा, हा वेगळा. गंज पोलाद खातो, हा थर वय सांगतो. पारखणारा आधी तो बघतो. तो घासून काढला की कंडिशन एकदम खाली येते. ऐंशीच्या म्हाताऱ्याला कलप लावून नवरदेव म्हणून उभा केला, तर मुलीकडचे भाव वाढवत नाहीत.

"मी सांगतलं होतं, दादा," कोपऱ्यातून नामदेवराव बोलले. "शेंदराचा थर राहू द्या म्हटलं. आजोबापासून कोणी काढला नव्हता. तुमी आयकूनच नाही राहिले."

"तू गप रे. तुला त्यातलं काय कळतं?"

मी भिंग काढलं. पात्यावर एक नाळ होती, म्हणजे लांब खोबण. ती पातं हलकं करते. खंजीर म्हणूनच घडवलेला असेल तर नाळ टोकाच्या थोडी आधी संपते. इथे ती थेट टोकातून बाहेर पडत होती. याचा अर्थ पातं मुळात लांब होतं आणि पुढून कोणीतरी तोडलं होतं. मूठ चांदीच्या तारेची, इथल्याच सोनाराची, काम सुबक. मग मुठीजवळ पात्यावर दोन खुणा दिसल्या. इतकी वर्षं शेंदराखाली झाकलेल्या.

"ही खूण कसली, भाऊसाहेब?"

ते खुलले. "दिसली ना? आमचं कुलचिन्ह! रामबाण. एक रामाचा, एक लक्ष्मणाचा. कालच घासताना सापडलं. हे किमतीत धरा."

राम लक्ष्मणाची बाग मागून राहिला होता, ते त्यांच्या ध्यानात आलं नसावं.

मी म्हणालो, "हा बाण इंग्रज फौजेचा आहे. बंदूक असो, घमेलं असो, फौजेच्या मालावर तीन रेघांचा बाण ठोकतात. कोंबडीच्या पायासारखा. अर्थ, सरकारी माल."

दिवाणखान्यात पंखा ओढणारासुद्धा थांबला. पण वकील तो वकील.

"बरोबर!" भाऊसाहेब म्हणाले. "म्हणजे खापरपणजोबांनी इंग्रजाच्या हातून हिसकावला. किंमत उलट दुप्पट!"

"दुसरा बाण राहिला. माल निकामी ठरला की फौजच पहिल्यासमोर दुसरा बाण उलटा ठोकते, टोकाला टोक लावून. अर्थ, भंगारात काढून विकला. ही बंदुकीला लावायची संगीन आहे. फौजेनं विकली, कोणा लोहारानं तोडली, सोनारानं मूठ बसवली. खापरपणजोबांनी हिसकावलीच असेल तर भंगारवाल्याच्या हातून."

नामदेवराव फसकन हसले आणि लगेच उपरण्यानं तोंड पुसू लागले.

हसनभाईंनी मला व्हरांड्यात ओढलं. "अरे, काहून अडून राहिला? 'प्राचीन' लिहून दे ना. एका शब्दानं तुह्या पेनाची शाई सरते का?"

"शाई नाही सरत. त्या माणसाची बाग सरते."

"अन् आपल्या लायसन्सचं काय?"

"अमरावतीत वकील एकच आहे का, हसनभाई? उद्या एखाद्या साहेबानं ही संगीन ओळखली अन् खाली आपल्या दुकानाचं नाव वाचलं, मग?"

हसनभाईंनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "बेईमानी तर ठीक आहे," ते म्हणाले, "पण बेवकूफ दिसलो तर धंदा गेला. लिही."

मी लिहिलं: फौजेतून बाद केलेली, तोडलेली संगीन, कंडिशन खराब, अलीकडे घासलेली, मोल मुठीच्या चांदीपुरतं. भाऊसाहेबांनी कागद वाचला आणि खंजीर मखमलीवरून उचलून टेबलाच्या कडेला ठेवला. मखमल घडी करून आत नेली.

"घेऊन जा हे भंगार," ते भावाला म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "कोळसेवाल्याच्या पोराला घराण्याचं मोल काय कळणार!"

"घराण्याचं मोल काढायला तुम्ही बोलावलं नव्हतं," मी म्हणालो. "तेही काढून देतो. फी वेगळी पडेल."

नामदेवरावांनी खंजीर दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावला. मी त्यांना विचारलं, "भंगार आहे हे कळल्यावरही पुजणार?"

"माह्या बापानं याले हात जोडले, ते काय बाजारभाव पाहून?" ते म्हणाले. "अन् साहेब, इंग्रजाले नको झालेली चीज आमी देव्हाऱ्यात ठेवली, यात आमचं काय गेलं?"

मी भिंग पुसून खिशात ठेवलं.

या धंद्यात मी एवढंच शिकलो: विकायची वस्तू घासू नये, आणि घासायचीच असेल तर खाली काय निघेल ते वाचता येणाऱ्याला बोलावू नये.

वाटणीपत्र त्याच महिन्यात झालं. संत्र्याची बाग विहिरीसकट नामदेवरावांच्या नावावर चढली.