आत्याचा व्हॉल्व्हचा ॲम्प

आत्याला "मिळणार नाही" हे दोन शब्द ऐकवणारा दुकानदार पुण्यात पुष्कळदा भेटे, आणि पस्तावे. इलेक्ट्रिक सामानाच्या तपकीर गल्लीत एकाने मोबाइलमधून मान वर न करता सांगितलं, "व्हॉल्व्ह? ते रेडिओबरोबरच गेले."

"रेडिओ माझ्या घरी आहे," आत्या म्हणाली. "तुमच्याकडचं सांगा. संपलेत, की शोधायचा कंटाळा आहे?"

त्याने माळ्यावरचं खोकं काढलं. त्यात दोन निघाले.

माझी ही आत्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली, वारज्याच्या फ्लॅटमध्ये एकटीच राहणारी. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात कुणाचा तरी उसना, जुन्या रेडिओसारख्या काचेच्या व्हॉल्व्हचा ॲम्प लावून तिने गिटार वाजवली होती. तो उबदार, किंचित फाटलेला आवाज तिच्या डोक्यातून कधी गेला नाही. साठी ओलांडल्यावर कान जायला लागले. डॉक्टर म्हणाले, हळूहळू जातील, परत येणार नाहीत. घरी येऊन तिने परदेशातून ॲम्पचं किट मागवलं.

माझ्या भावाने समजावलं, "आत्या, ॲपमध्ये शंभर ॲम्पचे आवाज मिळतात."

"मला एकच हवाय."

बाबा चिडले. "चारशे व्होल्ट असतात त्यात. या वयात हे कुणी सांगितलंय?"

"दादा, मी जन्मभर मुलींना वीज शिकवली. घाबरायला नाही शिकवलं."

किट आलं, त्यातला एक व्हॉल्व्ह वाटेतच फुटलेला. त्याच्या जागी गल्लीतल्या दोनांपैकी एक बसला. पण ट्रान्सफॉर्मर निघाला तिकडच्या कमी दाबाच्या विजेचा, आपल्या दोनशेतीस व्होल्टवर लगेच जळाला असता. नवा मागवायचा तर पुन्हा महिने जाणार, आणि तिच्या कानांकडे तेवढे महिने होते की नाही, कुणालाच माहीत नव्हतं. मग कुणीतरी लोणी काळभोरला पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणारा एकजण सांगितला. मी तिला गाडीने घेऊन गेले.

"बाई, ह्यात माझं काय काम हाय? मी इहिरीवरच्या मोटारी भरतो."

"तार तांब्याचीच ना?"

"हाय की."

"मग वेढे मी सांगते, गुंडाळा तुम्ही."

पहिला ट्रान्सफॉर्मर इतका तापला की हात लाववेना. आत्या तो घेऊन परत त्याच्याकडे गेली. तो म्हणाला, "मी आधीच बोललो व्हतो." ती म्हणाली, "माझा हिशेब चुकला होता, तुमचा हात नाही. पुन्हा करू." दुसरा जमला.

सुरू करायच्या दिवशी बाबा जिन्यात उभे राहिले, आत येईनात. आत्याने डावा हात पाठीमागे धरला, चुकून दोन्ही हात लागू नयेत म्हणून, आणि उजव्याने बटण दाबलं. व्हॉल्व्हच्या तारा हळूहळू तांबूस झाल्या. तिने गिटारची एक तार छेडली. डोळे मिटून, उजवा कान पुढे करून ती ऐकत राहिली. बाबा केव्हा आत येऊन बसले, ते मला कळलं नाही. "हाच," एवढंच ती म्हणाली.

तो आवाज तिला वर्षभर मिळाला. मग दोन्ही कान गेले. आम्हाला वाटलं, गिटार आता भिंतीला टेकून राहील. पण संध्याकाळी ती ॲम्पच्या लाकडी पेटीला गुडघा चिकटवून बसे आणि वाजवे. मी पाटीवर लिहून विचारलं, काय मिळतं? म्हणाली, "कान गेलेत. मी अजून इथेच आहे."

आत्या गेल्या वर्षी गेली. तिच्या आठवणी निघाल्या की बाबा हसत हसत सोसायटीच्या सेक्रेटरींची गोष्ट सांगतात. ते एकदा तक्रार घेऊन आले होते. "अहो बाई, जरा..." म्हणाले, मग लक्षात येऊन त्यांनी पाटी घेतली आणि लिहिलं, "आवाज फार होतो."

आत्याने चष्मा लावून ते वाचलं. बराच वेळ वाचलं. मग पाटी त्यांना परत देत म्हणाली, "होतो ना? बरं झालं सांगितलंत. मला शंका होती."

आणि दार लावून घेऊन पुन्हा वाजवायला बसली.