सव्वा महिना अळणी

देवावर माझा विश्वास होता की नव्हता, हे मला आजही शपथेवर सांगता येणार नाही. निजामी अदालतीत जन्मभर वकिली केल्यामुळे देवाकडेही मी अर्जदार म्हणूनच गेलो: मागणी स्पष्ट, मोबदलाही स्पष्ट.

माझी एकुलती लेक सगुणा गेवराईस दिली होती. दोन वर्षांत तिचा वर्ण काळवंडू लागला. तळहाताच्या रेषा, हिरड्यासुद्धा शाई लागल्यासारख्या झाल्या. अंगात त्राण उरले नाही. 'दाखवली ती मुलगी ही नव्हेच' असे म्हणून सासरच्यांनी तिला बीडला आणून सोडले. मी संतापाने पेटलो. व्याह्यांना पत्रांवर पत्रे धाडली, अखेर गेवराईच्या अदालतीत दावा लावला. त्याच आवेशात तळ्यातल्या महादेवाला नवस बोललो: सगुणा सव्वा महिना अळणी जेवील, तू तिला बरी कर.

नवस माझा आणि अळणी घास तिचा, ही विसंगती माझ्या कायदेपंडित बुद्धीला दिसली नाही. पोर मिठासाठी तळमळत असे. एकदा मिठाच्या मडक्याशी बोटे चाटताना मी तिला धरले. "दादा, एकच खडा," ती म्हणाली. मी मडके कुलपात ठेवले. ती रोज खंगत गेली आणि मी व्याह्यांना रोज अधिक कडक भाषेत लिहीत गेलो.

पंचविसाव्या दिवशी, ओळख पटवण्यासाठी तिला अदालतीपुढे उभी करावी म्हणून बैलगाडीने गेवराईस निघालो. वाटेत उलट्या सुरू झाल्या, हातपाय गार पडले, नाडी बोटाला लागेना. गाडी एका कडुलिंबाखाली थांबवली. तेथे एक म्हातारी मुसलमान बाई पेरूची पाटी घेऊन बसली होती. शेजारी मिठाची पुडी. सगुणाची नजर त्या पुडीवर खिळली.

"लेकरू मीठ मागतंय. देत कावून न्हाई?"

"महादेवाचा नवस आहे."

माझ्या दप्तराकडे पाहून ती फणकारली, "मग महादेवानं सही केली का तुमच्या कागदावर? सरका बाजूला, वकीलसाब. लई शिकलेले दिसता!"

तिने आपल्या लोट्यातल्या पाण्यात मीठ कालवले. तिच्या हातचे पाणी आमच्यात चालत नसे. हरकत घेण्यास मी तोंड उघडले, आणि मग सगुणाचे डोके उचलून धरले. सगुणा घोटाघोटाने सारा लोटा प्यायली. घटकाभराने उठून बसली आणि म्हणाली, "दादा, भूक लागली."

मी गाडी बीडकडे वळवली. दावा मागे घेतला. महिन्याभराने त्या बाईचे आभार मानायला गेलो, तर तिला आम्ही आठवतही नव्हतो.

सगुणा पुढे पाच महिने जगली. मग साध्या तापाचे निमित्त झाले आणि ती गेली. पुष्कळ वर्षांनी हैदराबादेच्या एका डॉक्टरांनी मला समजावले की, मूत्रपिंडांवर दोन लहान ग्रंथी असतात. त्या झिजल्या की शरीरात मीठ टिकत नाही. तेव्हा यावर औषध नव्हते, असेही ते म्हणाले. मला त्याने दिलासा मिळाला नाही. ते पंचवीस दिवस कोणत्याही अदालतीत माफ होण्याजोगे नाहीत. परंतु ते पाच महिने माझ्या अर्जाने मिळाले नव्हते. ते माझा अर्ज मोडून मिळाले, आणि त्यांच्यासाठी मी ऋणी आहे.

देवाच्या पानात मीठ वाढू नये, असा आमच्याकडे रिवाज आहे. दर सोमवारी मी नैवेद्याचे पान वाढतो, त्यात आधी मिठाचा खडा ठेवतो. गुरव हरकत घेतो. मी खडा तसाच ठेवतो. हात जोडून बसतो, आणि पान उचलेपर्यंत काहीही मागत नाही.